गाळलेले अकरा

१२४. एकट्याने खेळणाऱ्या मुलाची यादी या आकड्याशी येऊन थांबते. यादी असते १५१ प्राण्यांची. सगळी गावं पालथी घातली, सगळ्या गुहा धुंडाळल्या, समुद्रातली बेटंही सोडली नाहीत, तरी २७ ओळी कोऱ्याच राहतात. त्या भरण्यासाठी आणखी तास खर्चून उपयोग नाही. दुसरा माणूस लागतो.

२७ फेब्रुवारी १९९६. आपल्याकडे हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी जपानात निन्टेन्डोच्या गेम बॉयवर ‘पोकेमॉन’ आला, आणि आला तो जोडीनेच: एक लाल, एक हिरवा. कथा तीच, नकाशा तोच, गावं आणि वाटा त्याच. फरक एवढाच की लाल खेळातून ११ प्राणी गाळलेले होते आणि हिरव्यातून दुसरे ११. पुढे २८ सप्टेंबर १९९८ ला हे खेळ अमेरिकेत गेले तेव्हा हिरव्याच्या जागी निळा आला, पण प्राण्यांची वाटणी तीच राहिली. लाल खेळणाऱ्याला एकान्स नावाचा साप सापडतो, ग्रोलिथ नावाचा झुपकेदार शेपटीचा कुत्रा सापडतो, सायथर सापडतो. निळ्यात हे कुठेच नाहीत. निळ्यात व्हल्पिक्स ही सहा शेपट्यांची कोल्ही आहे, पिन्सिर आहे, आणि मिआउथ आहे. टीव्हीवर माणसासारखं बोलणारं ते मांजर लाल खेळाच्या एकाही गवतात दडलेलं नाही.

खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी. १९६५ चा जन्म, टोकियोच्या कडेला बालपण, आणि लहानपणी किडे गोळा करायचा विलक्षण नाद. शेतं आणि डबकी बुजून तिथे इमारती उभ्या राहताना त्याने पाहिल्या. दोन गेम बॉय एकमेकांना जोडणारी एक केबल होती, आणि तोवर ती मुख्यतः दोघांची झुंज लावायला वापरत. ताजिरीला त्या केबलवरून किडा चालत पलीकडे जाताना दिसला. एकाच्या डबीतून दुसऱ्याच्या डबीत. या कल्पनेपासून खेळ बाजारात यायला सहा वर्षं लागली, त्याची कंपनी त्या काळात बुडता बुडता राहिली.

ही वजाबाकी मला फार मोठी गोष्ट वाटते. खेळ विकणारा नेहमी सांगतो, आमच्यात हे आहे, तेही आहे. इथे मात्र मुद्दाम उणं ठेवलं, आणि त्या उण्यातून जे आकडे उभे राहिले ते मोजताना पाटी पुरत नाही.

आधी ते २७ कसे होतात ते पाहू. ११ गाळलेले. सुरुवातीला तीन पिल्लांमधलं एकच निवडायचं असतं. प्रत्येक पिल्लू दोनदा रूप बदलतं, म्हणजे उरलेल्या दोन घराण्यांचे ६ प्राणी गेले. पुढे दोन मल्लांमधला एकच मिळतो, १ गेला. दोन जीवाश्मांतला एकच घेता येतो, २ गेले. ईव्ही नावाचा एकच प्राणी भेट मिळतो आणि त्याची तीन रूपं होऊ शकतात, पण होतं एकच; आणखी २ गेले. चार प्राणी असे की ते केबलवरून दुसऱ्याकडे गेले तरच शेवटचं रूप घेतात. एकूण २६. सत्ताविसावा म्यू, त्याच्याकडे नंतर येतो.

म्हणजे पहिल्याच मिनिटापासून खेळ मुलापुढे निवडी टाकत जातो. रंग दोन, पिल्लं तीन, मल्ल दोन, जीवाश्म दोन, ईव्हीची रूपं तीन. गुणाकार केला की ७२. दुकानात दोन रंगांचे खेळ दिसतात, घरोघरी खेळून झाल्यावर मात्र ते ७२ प्रकारचे झालेले असतात. त्यावर प्रत्येक खेळ सुरू होताना खेळाडूला गुपचूप एक क्रमांक देतो, ० ते ६५,५३५ मधला. ७२ ला ६५,५३६ ने गुणा: ४७,१८,५९२. जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ४२,२९,९१७. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला, आजीला आणि पाळण्यातल्या बाळालाही, एकेक खेळ दिला तरी प्रत्येकाचा खेळ वेगळा असू शकतो आणि वर पावणेपाच लाखांहून अधिक प्रकार शिल्लक राहतात.

आणि प्राणीही सारखे नसतात. एकाच जातीच्या दोन पिल्लांची उपजत ताकद, बचाव, चपळाई, खास शक्ती हे प्रत्येकी १६ पायऱ्यांत ठरतं. सोळाचा चार वेळा गुणाकार, पुन्हा ६५,५३६. १५१ जाती धरल्या तर जन्मतः ९८ लाख ९५ हजार ९३६ प्रकारचे जीव. हे सगळं ज्या डबीत मावलं ती जपानी डबी ५१२ केबीची होती. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो तीन एमबीचा असेल, तर त्या एका फोटोच्या जागेत असे सहा खेळ बसतात.

मी जळगावचा, माझा आतेभाऊ धुळ्याचा, देवपूरचा. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं आणि शाळेत दुसरा विषयच उरला नाही. गेम बॉय आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हता. सायबर कॅफेतल्या संगणकावर तोच खेळ चालायचा. इंग्रजी खेळ एक एमबीचा, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर अख्खा मावायचा, आणि कुठवर आलो ते साठवायला वर जागाही उरायची. माझ्या फ्लॉपीवर लाल होता. धुळ्यात त्याच्याकडे निळा. हे आम्ही ठरवलं नव्हतं. ज्याला जो मिळाला तो.

दिवाळीत तो आला आणि मी त्याला मिआउथ कुठे सापडतो ते विचारलं. तो म्हणाला, आपल्याकडे तर गावाबाहेर पडलं की गवतात भेटतो. मी तेच गवत तीन आठवडे तुडवत होतो. मग त्याने विचारलं, ग्रोलिथ कुठे आहे रे? त्या संध्याकाळी आम्ही वहीत दोन रकाने आखले आणि एकेक नाव विचारत लिहीत गेलो. त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. मोजले तर दोन्हीकडे अकरा-अकरा. इतका नेमका हिशेब लागल्यावर दोघंही गप्प बसलो. कुणीतरी हे आपल्यासाठी मुद्दाम वेगळं ठेवलंय, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खानदेशही असाच एकाचा दोन झालेला. १९०६ मध्ये इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले: पूर्व खानदेश, ठाणं जळगाव, पश्चिम खानदेश, ठाणं धुळे. बोली दोन्हीकडे अहिराणी, कळण्याची भाकर दोन्हीकडे, भरीतही दोन्हीकडे. पण काही गोष्टी एकाच बाजूला राहिल्या. रावेर-यावलची केळी पूर्वेला, बहिणाबाईंचं आसोदा पूर्वेला. लळिंगचा किल्ला पश्चिमेला, इतिहासाचार्य राजवाड्यांचे कागद पश्चिमेला. सुरत-भुसावळ रेल्वे जळगावला येते, धरणगाव-अमळनेर करत पुढे जाते, पण धुळ्याला शिवत नाही. धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावहून फुटणारा फाटा. म्हणून आमचा सगळा व्यवहार एसटीचा: जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जपानात पोकेमॉनचा आणखी एक, पिवळा खेळ आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तो योग आवडतो, आणि तिसऱ्याचं काम पुढे लागणारच आहे.

कारण दोघं पुरत नाहीत. वरवर पाहता लाल आणि निळा एकत्र आले की काम झालं असं वाटतं. पण पिल्लांची घराणी तीन, ईव्हीची रूपं तीन. कुणी खेळ पुसून नव्याने सुरू करायचा नाही असं धरलं तर कमीत कमी तीन खेळाडू हवेत. आता समजा, तीन मुलं एकमेकांना न विचारता आपापलं निवडतात. म्यू सोडून यादी पुरी होण्यासाठी काय काय जुळायला हवं? तिघांचे खेळ एकाच रंगाचे नकोत, ही शक्यता चारात तीन. तिघांची पिल्लं वेगवेगळी, नवात दोन. मल्ल तिघांचे सारखे नकोत, चारात तीन. जीवाश्मांचंही तेच. ईव्हीची रूपं तिन्ही वेगळी, नवात दोन. सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर अगदी स्वच्छ येतं: ४८ पैकी १. अशा ४८ तिकड्या घेतल्या तर सरासरी एकीचंच जमेल. तीच तिघं आधी अर्धा तास ओट्यावर बसून ‘तू हे घे, मी ते घेतो’ असं बोलली, तर १ पैकी १. गणितात इतका मोठा फरक इतक्या स्वस्तात पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

वेफर्सच्या पाकिटातल्या चकत्यांचंही असंच. आम्ही त्यांना टॅझो म्हणायचो. समजा संच १५१ चा आहे, प्रत्येक पाकिटात एक चकती, आणि कुठलीही निघण्याची शक्यता सारखीच. एकट्याने संच पुरा करायचा तर सरासरी ८४५ पाकिटं लागतात. सुरुवातीला रोज नवी निघते; शेवटची एक उरली की तिच्यासाठीच सरासरी १५१ फोडावी लागतात. पाकीट पाच रुपयांचं धरलं तर ४,२२५ रुपये. आता दोघांनी मिळून दोन संच करायचे ठरवलं, डबल निघालेली चकती दुसऱ्याला द्यायची. तर दोघांत मिळून सुमारे १,१७०, म्हणजे एकेकाला ५८५ च्या आसपास. नुसतं ‘डबल आहे का रे?’ एवढं विचारल्याने प्रत्येकी २६० पाकिटं वाचतात.

असल्या मोजणीचं शास्त्र आमच्या दारातच होतं, हे मला फार उशिरा कळलं. चाळीसगावपासून जवळ, सातमाळ्याच्या डोंगरात पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या शिलालेखात १२०७ सालची नोंद आहे: यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘लीलावती’ ११५० ची. म्हणजे आज केळीचे ट्रक आणि कापसाच्या गाड्या ज्या रस्त्यांनी जातात, त्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी पोरं बसून ‘यातून किती, त्यातून किती’ हे शिकत होती.

‘लीलावती’त सहा रसांचं उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे मिसळत सहाही घेतले तर किती चवी? ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. दुसऱ्या एका उदाहरणात शंकराचे दहा हात आणि दहा वस्तू आहेत: पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ वगैरे. हातांतल्या वस्तू अदलूनबदलून शंकराची किती रूपं होतील? ३६,२८,८००. दहा हात आणि दहा वस्तू, बस्स, आणि उत्तर धुळे जिल्ह्याच्या २०,५०,८६२ लोकसंख्येच्या पावणेदोन पट.

रसांची रीत सोपी आहे. वर उतरते अंक मांडा, खाली चढते, आणि गुणत-भागत चला. तीच रीत पोकेमॉनला लावू. खेळाडू एका वेळी सहा प्राणी बरोबर नेतो. सहा रस, सहा प्राणी. १५१ मधून सहा किती तऱ्हांनी निवडता येतील? वर १५१, १५०, १४९, १४८, १४७, १४६. खाली १, २, ३, ४, ५, ६. उत्तर १,४८८ कोटी ८६ लाख ७५५. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक वेगळी सहाजणांची टोळी दिली, तरी जवळजवळ दुसऱ्या पृथ्वीला पुरतील एवढ्या टोळ्या उरतात. आता जातींची संख्या वाढून १,०२५ झाली आहे. त्यातून सहा निवडायचे तर सुमारे १,५८७ लाख कोटी.

इथे लाख-कोटी थकतात. पण ‘लीलावती’त कोटीच्या पुढेही नावं आहेत: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पहिल्या खेळाच्या टोळ्या दीड खर्व, आजच्या दीड अंत्याहून जास्त. आणि वहीचं काय? वहीत प्रत्येक प्राण्यापुढे एक तर खूण असते किंवा रिकामी जागा. १५१ ओळींची वही किती वेगवेगळ्या अवस्थांत असू शकेल? दोनाचा १५१ वेळा गुणाकार: ४६ आकडी संख्या. परार्ध १८ आकडी. भास्कराचार्यांची नावं तिथे पोचत नाहीत, अर्ध्या वाटेवरही नाही. १,०२५ ओळींच्या आजच्या वहीसाठी तो आकडा ३०९ आकडी होतो. तो लिहायला या मासिकाच्या रकान्यातल्या दहाबारा ओळी जातील.

विक्रीचे आकडे यापुढे साधेच. पहिल्या लाल, हिरव्या आणि निळ्याच्या मिळून ३ कोटी १३ लाखांहून अधिक प्रती गेल्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत २०११ ला ७९ लाख २९ हजार माणसं होती. म्हणजे खानदेशात माणशी जवळपास चार. १८ नोव्हेंबर २०२२ ला ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ ही जोडी आली, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तीन दिवसांत २,५९,२०० सेकंद असतात. प्रत्येक सेकंदाला ३८. दोन्ही रंग एकाच खोक्यात घालूनही विकतात. हे मला खटकतं. दोन्ही विकत घेणाऱ्या मुलाची यादी पुरी होते, आणि ज्यासाठी ती अपुरी ठेवली होती तेच निघून जातं. ताजिरीच्या किड्याला केबलच्या पलीकडे दुसरा माणूस हवा होता.

म्यू राहिलाच. खेळ जवळजवळ तयार झाल्यावर, दुरुस्तीसाठी ठेवलेली काही साधनं काढून टाकली तेव्हा डबीत साधारण ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने त्या फटीत एक प्राणी बसवला. मराठीतलं एक चिन्ह संगणकात साठवायला आज ३ बाइट लागतात. म्हणजे शंभर चिन्हांच्या, दीडदोन ओळींच्या जागेत एक जीव. तो खेळात सापडत नव्हता. १९९६ मध्ये ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने २० जणांना म्यू देऊ असं जाहीर केलं आणि ७८,००० अर्ज आले. ३,९०० मुलांमागे एक. सुरुवातीला मंद असलेली विक्री त्यानंतर चढत गेली. जगातल्या सगळ्यांत लहान फटीतून किती मोठी गोष्ट बाहेर आली, याचं मला अजून नवल वाटतं.

२०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला आणि अख्ख्या पृथ्वीचेच भाग पाडले गेले. टॉरोस उत्तर अमेरिकेत, मिस्टर माइम युरोपात, कांगासखान ऑस्ट्रेलियात, फारफेच्ड पूर्व आशियात. भारतात खेळ त्याच वर्षी डिसेंबरात अधिकृतपणे आला. या चारांपैकी एकही आपल्या वाट्याला नव्हता. २०१८ मध्ये अदलाबदल सुरू झाली तीही एका अटीवर: दोघांमध्ये अंतर १०० मीटरच्या आत हवं होतं. उपग्रहावरून जागा ओळखणारा खेळ, पण देवाणघेवाणीसाठी दोघांना एकाच चौकात उभं राहावं लागे. मला ती अट मनापासून पटली.

भेटीगाठींचाच हिशेब करायचा तर तोही करून पाहिला. जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाने धुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला एकदा भेटायचं. ४२,२९,९१७ गुणिले २०,५०,८६२. जोड्या साडेआठ महापद्मांहून अधिक. एका भेटीला एकच सेकंद, ‘काय रे, कसा आहेस?’ एवढंही नाही, नुसता हातात हात, एकामागून एक, रात्रंदिवस: सुमारे २ लाख ७५ हजार वर्षं. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन तीनेक लाख वर्षं झाली असं मानतात. त्यांतल्या एका जोडीला एक दिवाळी मिळाली होती.

आम्हाला केबल मिळाली नाही. कॅफेतल्या संगणकावर दोन फ्लॉप्या शेजारी ठेवून काही उपयोग नव्हता, प्राणी एकीतून दुसरीत जात नव्हते. म्हणून ती वही कागदावरच पुरी केली. गेल्या उन्हाळ्यात आतेभावाला ती माळ्यावर सापडली, त्याने फोनवर पानांचे फोटो पाठवले. दोघांचे मिळून किती झाले असते ते मी परत मोजलं. मी आगीचं पिल्लू घेतलं होतं, त्याने झाडाचं. पाण्याचं घराणं गेलं, ३. जीवाश्म दोघांनीही तोच शिंपल्यातला घेतलेला, २ गेले. ईव्ही माझा विजेचा, त्याचा पाण्याचा, आगीचा राहिला, १. म्यू सोडून १५०, त्यातून सहा वजा. १४४.

ते सहा मिळवायला तिसरा भाऊ हवा होता, आणि नंदुरबारला आमचं कुणी नव्हतं.